पंख्याचं बटण कुणाच्या हातात?

एप्रिलमध्ये बेळगावात कुणी उकाड्याबद्दल कुरकुर केली की ठरलेलं उत्तर येतं, "एवढ्यात गळालास? एकदा अथणीला जाऊन ये जा." आपल्या गावच्या हवेचा बेळगावकराला भारी अभिमान. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंची, पश्चिमेला सह्याद्री, दिवस कलला की त्या बाजूनं सुटणारा वारा आणि ऐन उन्हाळ्यात मध्येच येऊन सगळं धुऊन नेणारा वळीव. अभिमान बाळगावा असंच हे आहे. पण त्यापायी उकाडा हा आमच्याकडे सार्वजनिक प्रश्न म्हणून धरलाच जात नाही. शाळेच्या बैठकीत, नगरपालिकेत, दवाखान्यात, कुठेच नाही. सरकारही इकडे येतं ते बहुधा डिसेंबरात. हलग्याचं सुवर्ण विधानसौध २०१२ साली उभं राहिलं, अधिवेशन भरतं थंडीत. शाल पांघरून आलेल्या आमदाराला वडगावातल्या मागाच्या खोलीतला एप्रिल कळणार कसा?

आणि ज्या थोड्या वेळा चर्चा होते, तेव्हा ती पाऱ्याची होते. आज ३६, काल ३७. बेळगाव शहरात एप्रिलमध्ये दुपारी पारा साधारण ३५-३६ च्या आसपास असतो; पूर्वेला कृष्णेच्या पट्ट्यात, अथणी-रायबागकडे तो चाळिशी गाठतो. एवढं बोलून झालं की लोक आपापल्या कामाला लागतात. माझं म्हणणं असं की हा आकडा कुणाच्याच अंगाला लागत नाही. अंगाला लागतो तो वारा, किंवा वाऱ्याचा अभाव. तो आजोबाला वेगळा, बाळाला वेगळा, ओतकाम करणाऱ्याला वेगळा आणि विडी वळणाऱ्या बाईला तर मिळतच नाही. म्हणून उकाड्यावर काही करायचं असेल, तर पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की वारा कमी-जास्त करायचा अधिकार कुणाला आहे.

डेन्मार्कच्या फँगर या अभियंत्यानं १९७० साली माणसाला बरं वाटणं आणि न वाटणं हे गणितात बसवलं. त्याच्या हिशेबात सहा गोष्टी येतात: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-छतांची धग, हवेतली वाफ, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि माणूस करत असलेलं काम. हवामान खात्याचा आकडा यातली फक्त पहिली गोष्ट सांगतो, तीही उघड्या मैदानातल्या, सावलीतल्या पेटीत मोजलेली. बाकीच्या पाच गोष्टी घराघरात आणि माणसामाणसात बदलतात. त्यातल्या त्यात स्वस्तात आणि लगेच बदलता येते ती एकच, वारा.

नुसतं बसून राहिलेलं माणसाचं शरीरसुद्धा सुमारे १०० वॅट उष्णता तयार करत असतं आणि ती सतत बाहेर टाकावी लागते. उकाड्यात कातडीचं तापमान ३४-३५ अंशांच्या घरात असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगालगतचा तापलेला थर पुसून नेतो. सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे टेबलावरचा कागद जेमतेम उचलला जाईल एवढा वारासुद्धा दोन-तीन अंश कमी झाल्यासारखं वाटायला पुरतो. खोली मात्र थंड होत नाही, थंड होतो तो खोलीतला माणूस. (रिकाम्या खोलीत पंखा फिरत ठेवणं म्हणजे हेस्कॉमला, आपल्या वीज कंपनीला, देणगी.) हवा कातडीपेक्षा गरम झाली की हिशेब उलटतो. मग वारा उष्णता आणून टाकायला लागतो आणि वाचवतो तो घाम. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ६७० वॅट-तास उष्णता घेऊन जातो. बसलेल्या माणसाची सहा-सात तासांची कमाई. ज्याला घाम येतो त्याला गरम वाराही उपयोगी, ज्याला येत नाही त्याला तोच वारा बाधक.

हा फरक किती, हेही आता आकड्यांत मांडलं गेलंय. सिडनीच्या संशोधकांनी २०२१ साली लॅन्सेटच्या एका नियतकालिकात सुचवलेल्या मर्यादा अशा: तरुण, धडधाकट माणसानं ३९ अंशांपर्यंत खुशाल पंखा वापरावा, पासष्टीच्या पुढच्यांनी ३८ पर्यंत आणि घाम रोखणारी काही औषधं चालू असलेल्या वृद्धांनी ३७ पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनाही ४० च्या वर पंख्यावर विसंबू नका असं सांगते. आता हे आपल्या जिल्ह्यावर ठेवून बघा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे वर्षातले जवळजवळ सगळे दिवस पंखा हा सगळ्यांचा मित्र आहे, म्हाताऱ्यांचासुद्धा. अथणीला मे महिन्याच्या दुपारी एकट्या राहणाऱ्या, औषधांवर असलेल्या आज्जीला मात्र "पंखा लावून पडून राहा" हा सल्ला पुरा पडणार नाही. तिच्या अंगावर आधी ओला पंचा हवा, मग वारा. कातडीवरचं पाणी घामाचं काम करतं. एकाच जिल्ह्यात दोन सल्ले द्यावे लागतात, आणि आपल्याकडे एकही दिला जात नाही.

वाऱ्यावर हक्क कुणाचा हा प्रश्न ज्याला पोकळ वाटतो, त्यानं दुपारी बेळगाव-निपाणी बसमध्ये बसून बघावं. सरकत्या काचेची खिडकी दोन बाकांत मिळून एक. पुढच्यानं आपली काच मागे ढकलली की मागच्याची खिडकी बंद. पुढचा डुलक्या काढतो, मागची बाई पदरानं वारा घेत बसते. किंवा उलट: पुढच्यानं सगळी खिडकी उघडी टाकली, तो स्वतः आडोशाला, आणि वाऱ्याचा झोत थेट मागच्या म्हाताऱ्याच्या कानात. मग "काच ओढा की जरा" पासून सुरू होतं ते यमकनमर्डीपर्यंत चालतं. बसमधलं तापमान दोघांना एकच आहे. एकाला वारा हवाय, एकाला नकोय, आणि दोघांचंही खरं आहे.

घराघरातलं भांडणही हेच. नातवाला पंखा पाचावर पाहिजे, आजोबा म्हणतात, "बारीक कर की गा, डोकं धरतंय." हा म्हातारपणाचा हेका नव्हे. वय वाढतं तसे स्नायू कमी होतात, शरीराची आतली भट्टी मंदावते, म्हणून जो वारा नातवाला सुखाचा, तो आजोबांना बोचतो. आणि सगळ्यात जास्त मानेला आणि पायाच्या घोट्यांना. वेग तोच असला तरी हेलकावे खात येणारा वारा एकसारख्या वाऱ्यापेक्षा जास्त गार लागतो, हे फँगरच्या मंडळींनीच पुढे १९८० च्या दशकात दाखवलं. फिरतं तोंड असलेल्या टेबलफॅनचा आजोबांना राग का येतो, ते यातून कळतं.

पण इथंच एक धोका आहे. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, तहान उशिरा लागते आणि गरम होतंय ही जाणीवसुद्धा बोथट झालेली असते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता बंद खोलीत बनियनवर स्वेटर घालून बसलेला माणूस "मला कुठं गरम होतंय?" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण त्याच्या शब्दावर निर्धास्तही राहू नये. सकाळ-संध्याकाळ त्याचं ऐकावं, भर दुपारी अंगाला हात लावून बघावं. मधुमेह जुना असेल तर घामाच्या नसाही दगा देतात. आपल्या भागात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही.

उलट टोकाला पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका आहेत. पाळी जाण्याच्या दिवसांत अंगातून वाफा निघतात, कारण शरीराला चालणाऱ्या तापमानाचा पट्टा फार अरुंद होतो. किंचित वाढलं की घामानं डबडब, दोन मिनिटांनी थंडी. या बाईला दहा मिनिटांत पंखाही लागतो आणि पदर लपेटून घ्यायलाही लागतो. ती शाळेत शिकवत असेल, बँकेच्या काउंटरवर बसत असेल, तर तिनं कुणाला सांगायचं? हा विषय आपल्याकडे घरातसुद्धा निघत नाही, मग ऑफिसात निघणं लांबच. तिच्या टेबलावर एक छोटा पंखा आणि त्याचं बटण तिच्या हाताशी, एवढ्यानं तिचा दिवस निभतो. एवढंही दिलं जात नाही, कारण "एसी आहे की सेंट्रल".

या सेंट्रल एसीबद्दल दोन शब्द. तो कुणाच्या मापानं शिवलाय, ते २०१५ साली दोन डच संशोधकांनी नेचर क्लायमेट चेंज या नियतकालिकात उघड केलं. इमारतींसाठी वापरला जाणारा हिशेब चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचा. बायकांचं शरीर बसल्याजागी जेवढी उष्णता तयार करतं, ती या हिशेबात ३५ टक्क्यांपर्यंत फुगवून धरली जाते. म्हणून एप्रिलच्या दुपारी बाहेर रस्ता तापलेला आणि आत काउंटरवरच्या मुली स्वेटर घालून, असं दृश्य कॉलेज रोडला कुठेही दिसतं. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसी २० ते २८ अंशांतच चालेल असा नियम आणायचं बोलून दाखवलं, तेव्हा आठवडाभर देशात आकड्यावर वाद झाला. कोणता आकडा, यावर भांडून काय मिळणार? २४ म्हटलं तरी कुणीतरी कुडकुडणार, २८ म्हटलं तरी कुणीतरी घामाघूम. एसी वर ठेवावा आणि प्रत्येकाच्या हाताशी वारा द्यावा, हा साधा मार्ग आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं २०१४ साली भारतीय कार्यालयांचा अभ्यास करून आपल्या हवेचं वेगळं गणित मांडलं, त्याचा सूर हाच: खिडक्या-पंख्यांच्या इमारतीत वावरणारी आपली माणसं परदेशी पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त तापमानात सुखानं राहतात. मग नवी कार्यालयं काचेची, खिडकी न उघडणारी कशासाठी बांधायची, आणि तीही बेळगावात, जिथं संध्याकाळचा वारा फुकट मिळतो? मला तरी यात मिरवण्याखेरीज दुसरं कारण दिसत नाही.

आता बाळंतिणीची खोली. या विषयावर शिकलेल्या लेकी-सुना आणि घरातल्या आज्जी यांचं हमखास वाजतं. खिडकी बंद, कानाला घट्ट स्कार्फ, पायात मोजे, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी. लेक म्हणते हा छळ आहे, आज्जी म्हणते वारं शिरेल. आज्जीच्या बाजूनं बोलायचं तर नुकतं जन्मलेलं बाळ ओलं असतं, वजनाच्या मानानं त्याची कातडी खूप, आणि त्याला कुडकुडून ऊब तयार करता येत नाही. प्रसूतीची खोली किमान २५ अंश आणि झोताविना हवी, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आणि ही रीत घडली कुठं? कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस थांबत नाही, कौलातून ओला वारा घरात फिरतो, कपडे वाळत नाहीत. तिथं शेगडी नसती तर बाळं जगली नसती.

पण श्रावणातला नियम वैशाखात, तोही अनगोळातल्या स्लॅबच्या घरात लावला की घोळ होतो. बाळंतपणानंतर शरीर साठलेलं पाणी घामावाटे टाकत असतं. त्या बाईला बंद खोलीत, धुरात, दोन चादरींत ठेवायचं म्हणजे तिची आणि बाळाचीही परीक्षा. कॅलिफोर्नियातल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या खोलीत पंखा चालू होता तिथं तान्ह्या बाळांच्या झोपेतल्या अचानक मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि खोली जितकी उबदार तितका हा फरक मोठा. अभ्यास निरीक्षणावर आधारलेला आहे, तो शेवटचा शब्द नव्हे. पण बाळावर झोत नको आणि खोलीतली हवा मात्र हलती हवी, हे दोन्ही एका वेळी साधता येतं. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवला तरी काम होतं. गावोगावच्या आशाताईंनी हे आज्जींना सांगावं, सुनांना नव्हे. खोलीतला हुकूम आज्जीचा असतो.

स्लॅबचा विषय निघालाच आहे. शहापुरातल्या जुन्या कौलारू घरात सोप्यातून शिरलेला वारा माजघरातून परसात निघून जायचा आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर सुटायची. आता तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर भिंतीला भिंत लावून तीन मजले. खिडकी आहे, पण तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजाऱ्याची भिंत. वारा आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी. एकाच बाजूला खिडकी असलेली खोली म्हणजे तोंड बांधलेलं मडकं. वर दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडतो आणि छतालगत साठलेली गरम हवा पंखा खाली ढकलतो. "पंखा नुसती वाफ टाकतोय" ही तक्रार म्हणूनच खरी असते. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात मारला तर त्याच पंख्याचा वारा सुखाचा होतो. दोन घरांमध्ये सोडायची जागा नियमात आहे, नकाशावरही असते. बांधकामात ती कुठं जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि डास. संध्याकाळी वारा सुटायला आणि डास यायला एकच वेळ. सहा वाजता खिडक्या धडाधड बंद होतात, आणि दिवसातला सगळ्यात चांगला वारा बाहेर राहतो. जाळी बसवली तर डास अडतात, पण वाराही चांगलाच अडतो. वर धूळ बसली की आणखी. म्हणून जाळी लावायची तर खिडकी मोठी पाहिजे, हे घर बांधतानाच ठरवावं लागतं. तळमजल्यावर एकटी राहणारी बाई तर रात्री खिडकी उघडणारच नाही, डास असोत की नसोत. तिला "खिडक्या उघड्या ठेवा" हा सल्ला देणं निरर्थक आहे. ती पंख्यावरच जगते आणि वीज गेली की तेवढीही सोय नाही.

शाळेत जाऊ. वर्गात चाळीस मुलं, छताला दोन पंखे, दोन्ही एकाच बटणावर, रेग्युलेटर कधीच गेलेला. नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटर व्यासाचा. त्याच्या पात्याखाली उभं राहिलं तर केस उडतात आणि चार पावलं बाजूला सरकलं की वारा निम्म्यावर येतो. मधल्या बाकांवरची मुलं वह्या दाबून धरतात, कोपऱ्यातली मुलं वह्यांनी वारा घेतात. खेळून आलेला पोरगा आणि तापातून उठलेली मुलगी यांना एकच वारा. भिंतीवरचे छोटे पंखे, प्रत्येकाला वेगळं बटण, समोरासमोरच्या खिडक्या आणि त्यांच्या पुढून हलवलेली कपाटं. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या, एका बैठकीत निकालात निघेल एवढंच काम आहे हे. दवाखान्यातल्या सार्वजनिक वॉर्डची गोष्ट याहून वाईट. तिथं हलता न येणारा रोगी नेमका कुठल्या खाटेवर पडलाय त्यावर त्याचा उन्हाळा ठरतो. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेल्याला तर इजेच्या खालच्या भागात अनेकदा घामच येत नाही. त्याच्या खाटेला पंखा आणि प्लग मिळावा, हे औषधाइतकंच उपचारात धरलं पाहिजे.

उन्हाच्या झळांच्या सूचना निघतात तेव्हा त्या तालुकावार निघाव्यात आणि मराठीतही निघाव्यात. यात मी सीमाप्रश्न आणत नाही. ज्या आज्जीनं दुपारी ओला पंचा घ्यायचाय, तिला ते वाचता आलं पाहिजे, इतकंच.

राहता राहिली कामाची जागा. उद्यमबागेतल्या ओतकामाच्या शेडमध्ये वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, १३०० अंशांच्या वर असतं. ती धग वाऱ्यानं अडत नाही, ती थेट अंगावर येते. तिला आडपडदा लागतो. पण घाम वाळवायला मोठे पंखे तिथं बहुतेक असतातच, आणि बाप्ये भट्टीपासून चार पावलं मागे येऊन त्यांच्यापुढं उभे राहू शकतात. वडगाव-खासबागेतल्या मागवाल्याला तेवढीही मोकळीक नाही. कोरड्या वाऱ्यात सूत ठिसूळ होतं, तुटतं. खटखटाट शेजारी जाऊ नये म्हणून खिडकी लोटलेली, आणि मोटारीची धग खोलीतच. मालाला सोसणारा वारा माणसाला पुरत नाही, आणि मालाचं ऐकलं जातं.

याचं सगळ्यात टोकाचं रूप निपाणीत. विडी वळणाऱ्या बाईची बैठक बघा. उंबऱ्याजवळ, उजेडाच्या तिरिपेत, एक पाय मुडपून. मांडीवर सूप, सुपात तंबाखूची बारीक भुकटी. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, चिमूट पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. पंखा लावला तर दोन गोष्टी होतात: तंबाखू उडते आणि पानं वाळतात. वाळलेलं पान वळताना फाटतं. उडालेली तंबाखू नाकात जाते आणि हिशेबातही कमी पडते, कारण पानं आणि तंबाखू मोजून दिलेली असतात. सैल, फाटकी विडी मोजणीत बाजूला काढली जाते. म्हणून ती पंखा बंद ठेवते. छताला पंखा आहे, वीज आहे, बटण हाताशी आहे, आणि ते दाबायची तिला सोय नाही. एप्रिलमध्ये, पत्र्याखाली, दिवसाचे आठ-आठ तास.

हिला पाऱ्याचा आकडा सांगून काय उपयोग? ३४ अंशांत वाऱ्याविना बसलेली बाई ३७ अंशांत पंख्याखाली बसलेल्या कारकुनापेक्षा जास्त तापू शकते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १३ व्या कलमात कामगाराला ताजी, खेळती हवा आणि सुसह्य तापमान द्यावं असं लिहिलं गेलं. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तर लागू व्हायचा. घरात बसून वळणारी बाई त्या हवेच्या बाहेरच राहिली. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीत शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, विडी कामगार बायकाही मजुरीसाठी संघटित होऊन भांडल्या. भाव आणि मजुरी यांपुढं बसायच्या जागेतला वारा हा विषय मागे पडला, ते त्या काळी समजण्यासारखं होतं. आज नाही.

विजेचा खर्च हे कारण तर मुळीच पटणारं नाही. साधा पंखा ७५ वॅटचा, रोज १० तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट. नव्या बीएलडीसी मोटारीचा पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे नऊ युनिट. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे. पण सुरुवातीला मर्यादा ठरली ती आधीच्या वर्षाच्या सरासरी वापरावर १० टक्के वाढ धरून. ज्या घरात पंखाच लावला जात नव्हता, त्या घराची सरासरी कमी, म्हणून हक्काची वीजही कमी. ज्यानं आधीच मनसोक्त वारा खाल्ला त्याला जास्त, हा न्याय मला अजून समजलेला नाही.

विडीच्या खोलीपुरता मार्ग अवघड नाही. छताचा पंखा तिथं कामाचा नाही. वारा खालून आणि पाठीमागून हवा, पाठीला आणि मानेला लागेल पण सुपावर जाणार नाही असा. कमी वेगाचा छोटा पंखा पाठीशी, सुपाला तीन बाजूंनी वीतभर कड, पानांच्या फडक्यावर झाकण, आणि वर भिंतीत गरम हवा व भुकटी बाहेर ओढणारा एक एक्झॉस्ट. पत्र्याला वरून पांढरा रंग. एखाद्या गल्लीतल्या दहा घरांत एका मार्चमध्ये हे करून बघता येईल, बायकाच सांगतील वारा कुठं जास्त होतो आणि कुठं कमी पडतो. खर्च कुणी करायचा यावर मात्र वाद होईल. काही म्हणतील नगरपालिकेनं, काही म्हणतील कामगार खात्यानं. माझ्या मते तो विडी कारखानदारानं करावा. ती खोली त्याच्या कारखान्याचाच भाग आहे, फक्त तिचं भाडं, विजेचं बिल आणि उन्हाळा बाईच्या नावावर आहे.